उन्हाचं पथ्य

माझ्या नाकावर आणि गालांच्या उंचवट्यांवर बारीक बारीक खड्डे आहेत, मसुराची डाळ दाबून उचलावी तेवढे. बसमध्ये शेजारी बसलेली बाई आधी माझ्याकडं बघते, मग उगाच खिडकीबाहेर बघते आणि हुमनाबाद यायच्या आत विचारतेच, “लहानपणी अम्मा आली होती व्हय?” अम्मा म्हणजे देवी. देवीचा रोग देशातून गेला त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी जन्मले, हे मी पूर्वी हौसेनं समजावून सांगायचे. आता नुसतं “व्हय” म्हणते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यातलं अर्धं मलाही ठाऊक नाही. जे ठाऊक नाही त्याचीच मला जास्त ओढ, हा माझा जुना स्वभाव. लहानपणी मी इतक्यांदा “कामून?”, म्हणजे “का?”, असं विचारायचे, की गल्लीतली पोरं मला त्याच नावानं हाक मारायची.

आमचं गाव बीदर जिल्ह्यात, कोहिनूर गावाच्या पुढं, काळ्या मातीचं. घरात चार माणसं. अप्पा म्हणजे माझे वडील, त्यांची तूर-करडीची आडत. अव्वा म्हणजे माझी आई. अप्पांची थोरली बहीण, ती आमची आत्या, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली आणि घरातल्या सगळ्या रीतीभातींची मुखत्यार. आणि मी.

माझं नाव शाळेत घातलं त्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा झालं. आधी नाक आणि कानाच्या पाळ्या चुरचुरल्या, मग लाल झाल्या, मग त्यांवर पाण्याचे फोड आले. हातांच्या पाठीवर आले. फोडांच्या मधोमध काळसर खपली धरली आणि अंगात कणकण भरली. आत्यानं मला दारात नेलं, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं आणि एकदम हात जोडले. मला. तोवर मला घरात कुणी नीट जेव म्हणूनसुद्धा हात जोडले नव्हते. “बाई आल्यात घरात,” ती अव्वाला म्हणाली, “फोडणी बंद कर.”

अम्मा घरात आली की तिला गरम काही चालत नाही, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून कढई चुलीवर चढत नाही, तेल जळत नाही, मोहरी तडतडत नाही. सगळ्यांनी दहीभात आणि आंबील खायची. दाराला कडुलिंबाचा टहाळा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं ओळखावं. लेकराला आतल्या अंधाऱ्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर निजवायचं आणि त्याला रोगी म्हणायचं नाही. अप्पांना हे पटायचं नाही. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं, गळ्यात लिंग. “एवढा देव गळ्यात बांधून हिंडतोय मी, अन् वरून मरगम्मा कामून?” ते विचारायचे. मरगम्मा म्हणजे हीच अम्मा, आमच्या शिवारातली. आत्या म्हणायची, “तुझा देव तुझ्या गळ्यात हाय. लेकरू माझ्या मांडीवर हाय.” अप्पा मग बिनफोडणीचं जेवायचे.

मला ती खोली आवडायची. मातीच्या माळवदाखालचा गारवा, पाल्याचा कडू वास आणि भिंतीला एकच झरोका, तोही पोत्यानं झाकलेला. आठ-दहा दिवसांत खपल्या धरायच्या, मग गळून पडायच्या, आणि त्यांच्या जागी हे खड्डे राहायचे. अव्वा खूश. आत्या त्याहून खूश. मग अम्माला निरोप द्यायचा दिवस ठरायचा.

निरोप असा. लिंबाचा पाला आणि हळद घातलेल्या पाण्यानं मला न्हाऊ घालायचं. ओल्याच कपड्यांनिशी, उघड्या डोक्यानं, अनवाणी, हातात लिंबाचा टहाळा धरून शिवाराच्या टोकाला असलेल्या मरगम्माच्या देवळापर्यंत चालत जायचं. तेही बाराच्या सुमाराला, कारण अम्माची वेळ भर दुपारची. अव्वाच्या डोक्यावर दहीभाताची दुरडी, तीही अनवाणी. चैत्रातलं ऊन, नांगरून टाकलेलं काळं रान, वाटेत सावलीला एक बाभळ आणि तिथं थांबायचं नाही. देवळात पोचेपर्यंत कपडे वाळून खडखडीत व्हायचे. नैवेद्य दाखवून, दगडावर पाणी ओतून आम्ही तशाच उन्हात परत यायचो.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक पुन्हा चुरचुरायला लागायचं.

अम्मा वाटेतनं परत फिरली, असं म्हणायचे. मग घरात तपास सुरू व्हायचा. कुठं चुकलं? एका खेपेला नारळ नासका निघाला होता. एका खेपेला आत्याला संशय आला की दहीभातात कुणीतरी सवयीनं मीठ टाकलं. एकदा तर अप्पांवर आळ आला, की त्यांनी बाजारात मिरचीभजी खाल्ली, म्हणजे कढई घरात चढली नाही तरी तेल घरच्या माणसाच्या पोटात गेलंच. अप्पांनी भजी कबूल केली नाहीत आणि नाकारलीही नाहीत. पुन्हा टहाळा, पुन्हा अंधारी खोली, पुन्हा बरं वाटणं, पुन्हा निरोप. काही उन्हाळ्यांत अम्मा आमच्याकडं दोन-दोनदा मुक्कामाला राहायची. गावातल्या बाया लेकरांना घेऊन माझ्या पाया पडायला यायच्या. मी त्यांना आशीर्वाद द्यायचे आणि त्यांच्या लेकरांच्या मुठीतला गूळ बघत बसायचे.

त्या काळात माझ्या मनात देवीविषयी शंका नव्हती. मला फक्त तिची रीत समजून घ्यायची होती. ती पोटावर कामून येत नाही? पाठीवर कामून येत नाही? दिवाळीत कामून येत नाही? आत्याकडं प्रत्येक ‘कामून’ला उत्तर तयार असायचं, आणि उत्तर दिलं की प्रश्न संपतो असा तिचा समज होता. पोटावर अन्न असतं म्हणून येत नाही. दिवाळीत तिला माहेरी जायचं असतं.

मग एका उन्हाळ्यात मी कडब्याच्या गंजीवरून पडले आणि डावा हात मोडला. हाडवैद्यानं उडदाच्या पिठाचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या. हात गळ्यात असतानाच अम्मा आली आणि गेली, आणि निरोपाची फेरीही झाली. अव्वानं न्हाऊ घालताना तो हात तेवढा बाहेर धरला होता. दोन दिवसांनी फोड उठले. नाकावर, कानांवर, उजव्या हाताच्या पाठीवर. काही दिवसांनी हाडवैद्य पट्टी बदलायला आला, त्यानं धोतर सोडलं, आणि आतून डावा हात निघाला तो पिठात माखलेला, सुरकुतलेला, पण एकही फोड नसलेला.

मी दोन्ही हात शेजारी शेजारी धरले आणि बघतच राहिले. आजही डोळ्यांसमोर ते हात जसेच्या तसे आहेत. कुणाची तरी चोरी पकडल्यासारखं वाटत होतं, कुणाची ते कळत नव्हतं.

“आत्या,” मी विचारलं, “अम्माला कापडातनं दिसत न्हाई का?”

आत्या क्षणभर अडखळली. पण क्षणभरच. “मोडल्या हाताला शिवत न्हाई ती. दया हाय तिला.”

उत्तर चांगलं होतं. पण या वेळी प्रश्न संपला नाही. पुढच्या निरोपाला मी कान दुखतोय अशी थाप मारली आणि उजव्या कानावर फडकं बांधून घेतलं. कान दुखणाऱ्या लेकराला आत्या तरी काय म्हणणार? तिसऱ्या दिवशी डावा कान फोडांनी भरला आणि उजवा कोरा राहिला. उजवा कान मोडलेला नव्हता. मी कुणाला काही न बोलता थेट आडतीवर गेले आणि दोन्ही कान अप्पांना दाखवले. म्हटलं, “अप्पा, जिथं ऊन लागायलंय तिथंच यायलंय.”

अप्पांनी माझे कान आळीपाळीनं बघितले, तराजूची दोन पारडी बघावीत तसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गुलबर्ग्याला नेलं. कलबुर्गी हे नाव तेव्हा आमच्या तोंडात बसलेलं नव्हतं. तिथल्या कातडीच्या डॉक्टरांनी भिंगातून माझं नाक बघितलं, अप्पांना दोन-चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, की हा उन्हाचा आजार आहे, काही लेकरांना होतो, वयात आल्यावर बहुधा आपोआप जातो. तोवर उन्हात जाऊ देऊ नका. कामून होतो, हे मी विचारलं. डॉक्टर हसले. “ते अजून कुणाला नीट माहीत नाही बाळ,” ते म्हणाले. मोठ्या माणसाच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले आणि मला ते डॉक्टर फार आवडले.

घरी आल्यावर अप्पांनी दारातूनच जाहीर केलं, “डॉक्टरनं पोरीला ऊन मना केलंय.”

एवढंच. बाकी काही नाही. अप्पा थोडक्यात बोलणारे, आणि घरात बायकांशी वाद नको असलेले. पण आमच्याकडं कुठलाही वैद्य, कुठलाही डॉक्टर काही ना काही मना करतोच. वांगं मना, आंबट मना, हरभऱ्याची डाळ मना. त्या पंगतीत ऊनही जाऊन बसलं. पथ्य म्हणजे आजार असेतोवर पाळायची गोष्ट. वांगं खाल्ल्यानं ताप येतो असं कुणी समजत नाही, ताप आला की वांगं खात नाहीत एवढंच. ऊन हे आजाराचं मूळ आहे, ही गोष्ट अप्पांच्या आणि माझ्यातच राहिली. अव्वाच्या डोक्यात मूळ अम्माच राहिली.

“मग निरोपाला कोण जाईल?” आत्यानं विचारलं.

“पोरीला ऊन मना हाय,” अव्वा म्हणाली, “मला न्हाई.”

तेव्हापासून दर वर्षी ती एकटी जायला लागली. पाडव्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, ओल्या लुगड्यानं, उघड्या डोक्यानं, अनवाणी. मी छत्री, लांब बाह्यांचा झंपर आणि डोक्याला फडकं अशा थाटात वाढले. थंडीच्या दिवसांतही छत्री उघडून शाळेत जाणारी पोर बघून पोरं विचारायची, “कामून, पाऊस कुठं पडायलाय?” मधल्या सुट्टीत मी वर्गातच बसायचे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी फोड यायचे थांबले. अव्वाच्या हिशेबी ते तिच्या चालण्यानं थांबले, अप्पांच्या हिशेबी डॉक्टरांच्या सल्ल्यानं, माझ्या हिशेबी छत्रीनं. तिघंही आपापल्या जागी समाधानी होतो, त्यामुळं हिशेब ताडून बघायची वेळ आली नाही.

पुढची बरीच वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे बरी गेली. बीदरला मराठी शाळेत शिक्षिका झाले. नवरा बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. आत्या गेली, अप्पा गेले, अव्वा आमच्याकडं राहायला आली. पण चैत्र आला की ती गावाकडं जायची, मंगळवार करायची आणि परत यायची. बीदरच्या तांबड्या मातीचे माझ्या घरातले दिवस आणि गावच्या काळ्या मातीतला एक दिवस, असं तिचं वर्ष. उन्हाची सवय मला कधी लागलीच नाही. बरी झाल्यावरही मी सावली-सावलीनं चालत राहिले.

तीन वर्षांपूर्वी अव्वाचा गुडघा सुजला. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्याही वाढल्या होत्या. डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं आणि त्या चैत्रात पहिल्यांदाच तिचा मंगळवार चुकला.

त्याच वर्षी पावसाळ्यात मी भाजी चिरत होते आणि माझ्या लक्षात आलं, की टोमॅटोचे दोन रंग आहेत. उजव्या डोळ्यानं बघितला तर लाल. डावा उघडून उजवा झाकला तर विटेसारखा. मी घरातल्या सगळ्या लाल वस्तू जमा केल्या. कुंकू, बादली, अव्वाच्या लुगड्याचा काठ. एकेक डोळा झाकून बघत बसले. नवरा म्हणाला, “काय करायलीस?” मी म्हटलं, “मज्जा बग, माझ्या दोन डोळ्यांत रंगांची दोन दुकानं हायत.” मज्जा नव्हती, हे आठवड्यात कळलं. डाव्या डोळ्यापुढं मधोमध धूसर ठिपका आला. गरम पाण्यानं अंघोळ केली की तो वाढायचा, अंग गार झालं की कमी व्हायचा. मग उजव्या पायाची बोटं बधिर झाली, मग पाऊल. खडू हातातून पडायला लागला. तेव्हा मात्र मी घाबरले. रात्री नाही, वर्गात घाबरले, पोरांसमोर, फळ्याकडं तोंड करून.

हैद्राबादेत डोक्याचा फोटो काढला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. मेंदूच्या डॉक्टर माझ्यापेक्षा लहान वयाच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं आणि समजावलं, की अंगातली राखण करणारी फौजच चुकून मज्जातंतूंवरचं वेष्टण खाते. नवऱ्याला लगेच समजलं. “वायरीवरचं रबर निघालंय,” तो म्हणाला. डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसंच. औषधानं हल्ले कमी करता येतात, गेलेलं कधी थोडं, कधी बरंच परत येतं, कधी येत नाही.

मग त्यांनी माझ्या नाकाकडं बघितलं. “ये दाग कायके हैं?” त्यांनी आमच्याकडच्या दखनी हिंदीत विचारलं.

मी खोली, टहाळा, मोडलेला हात, दोन कान, सगळं सांगितलं. माझ्यामागं रोगी थांबलेले होते, पण डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीच्या कातडीच्या डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. माझ्या फोडांना एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, त्याचा अर्थ लस टोचल्यासारखे व्रण उठवणारा आजार. आणि गुलबर्ग्याच्या डॉक्टरांना जे माहीत नव्हतं ते आता थोडंफार माहीत झालं होतं. त्या फोडांमागं एक विषाणू सापडतो. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि घरजावयासारखा मरेपर्यंत राहतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. एखाद्या लेकरात मात्र तो उन्हाचं निमित्त करून कातडीवर उठतो. आणि आता मला जो आजार झाला होता त्याच्याही मुळाशी हाच विषाणू असावा असं मानतात.

“म्हणजे तोच? तेव्हाचाच?” मी विचारलं. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला अंगभर हुशारी आली. इतक्या वर्षांनी एका ‘कामून’चा धागा दुसऱ्या ‘कामून’ला लागत होता.

डॉक्टरांनी हात वर केला. विषाणू सगळ्यांत असतो, आजार फार थोड्यांना होतो. तुमच्यात एकातून दुसरं निघालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या. मग त्यांनी रक्ताचा कागद उलटला. अंगात ऊन लागून जे जीवनसत्त्व तयार होतं ते माझ्यात फारच कमी होतं. ऊन कमी मिळालेल्या माणसांत हा आजार जास्त दिसतो, असंही म्हणतात. “लहानपणी उन्हात अजिबात जात नव्हता का?”

मी छत्रीबद्दल सांगितलं. त्या हसल्या आणि लगेच कागदाकडं वळल्या. मीही हसले. बीदर येईपर्यंत बसमध्ये मी एकच गोष्ट घोळवत होते. ज्या उन्हापासून मी स्वतःला इतकं जपलं, त्याचीच उणीव नडली की काय? कुणालाच ठाऊक नाही.

अव्वाला मात्र ठाऊक होतं. तिनं वाट चुकवली, त्याच वर्षी मी आजारी पडले. तिच्या हिशेबात कुठंच संशयाला जागा नव्हती. पुढचे दोन चैत्रही गुडघ्यापायी चुकले आणि ती आतल्या आत कुढत राहिली. यंदा पाडवा झाला आणि तिनं खण, हिरव्या बांगड्या आणि नारळ आणून पिशवीत भरला.

“मंगळवारी गावाकडं जायलेय,” ती म्हणाली.

“गाडी करून जाऊ,” मी म्हटलं. “देवळापत्तुर गाडी जाते आता.”

“गाडीत बसून निरोप देतात व्हय? चालत जाईन.”

“गुडघा बग तुझा. अन् डोकं उघडं टाकून, बाराच्या उन्हात? बीपीच्या गोळ्या खायलीस तू.”

“पडले तर पडले. तू तरी उठशील.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही बाई माझ्यासाठी उन्हात मरायला निघाली होती, आणि ती पडली असती तर तिला उचलायला माझ्या पायांत जोर नव्हता. तिला थांबवायचं तर एकच गोष्ट सांगावी लागणार होती, जी अप्पांनी सांगितली नव्हती. ती सांगायला माझी जीभ वळेना. ती सांगितली की तिच्या इतक्या वर्षांच्या चालण्याचं काय होणार, हे मला दिसत होतं. पण सोमवारी तिनं पिशवीला गाठ मारली तेव्हा मी तिला समोर बसवलं.

“अव्वा, ते फोड अम्मामुळं येत न्हवते. उन्हानं येत होते.”

“डॉक्टरनं मना केलंतं की ऊन. ठाव हाय मला.”

“मना केलं कारण ऊनच मूळ होतं. मी खोलीत बरी व्हायचे ती अंधारामुळं. अन् बरी झाले की आपण निरोपाला जायचो. दुपारी. उघड्या डोक्यानं.” मला पुढं बोलवेना. “तवा फोड परत यायचे.”

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. अव्वाच्या चेहऱ्यावर ते हळूहळू पोचताना मी बघितलं. नारळ, मीठ, भजी, सगळे आळ एकेक करून बाजूला झाले असावेत.

“म्हंजे मी तुला हाताला धरून नेत होते,” ती म्हणाली, “अन् मीच तुला भाजत होते.”

“कुणालाच ठाव न्हवतं अव्वा.”

“तुझ्या अप्पाला ठाव होतं?”

मी मान डोलावली. तिनं डोळ्याला पदर लावला. मी तिच्याजवळ सरकले, तिनं मला जवळ घेतलं नाही आणि ढकललंही नाही. मला वाटलं, मी फार मोठी चूक केली. मग तिनं पदराआडूनच विचारलं, “अन् हे आत्ताचं? हे बी उन्हानं?”

मी तिला सगळं सांगितलं. अंगात राहून बसलेला तो विषाणू, माझी छत्री, ऊन कमी मिळाल्याचा संशय, आणि डॉक्टरांचं ‘ठामपणे सांगता येत नाही’. ती लक्ष देऊन ऐकत होती. लहानपणी माझ्या प्रश्नांकडं तिनं कधी इतकं लक्ष दिलं नव्हतं, तिला तेवढी सवड कुठं होती?

“म्हंजे उन्हात नेलं तेबी चुकलं,” ती म्हणाली, “अन् न्हाई नेलं तेबी चुकलं.” एवढ्यातही तिला हसू आलं. मग ते थांबलं. “मग मी आता तुझ्यासाठी करू काय?”

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून हैराण केलेली मी, त्या एका प्रश्नाला मान खाली घालून बसले. देवी खरी की खोटी, हा तिचा प्रश्नच नव्हता. लेकीसाठी काही करायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेच मी नेमकं काढून घेतलं होतं. त्या दिवशी ती जेवली नाही. मीही जेवले नाही, आणि दोघीही एकमेकींना जेव म्हणून सांगत राहिलो.

मंगळवारी ती पहाटेच उठली. अंघोळ केली, विभूती लावली, लिंगपूजा केली. मी अंथरुणातून तिच्या पावलांचा अंदाज घेत होते, दाराची कडी वाजते का ते ऐकत होते. नवरा दिवसपाळीला गेला. ऊन चढलं, मी खिडक्या लावून पडदे ओढले, कारण उष्मा वाढला की माझा पाय जास्तच जड होतो. पिशवी भिंतीशी तशीच होती. अव्वा तिच्यासमोर भिंतीला टेकून बसली होती. सकाळची बस गेली, दहाची गेली. साडेअकराच्या सुमाराला तिची चुळबुळ सुरू झाली. हातानं गुडघा चोळायची, घड्याळाकडं बघायची. बारा वाजायला आले आणि ती उठली.

ती दाराकडं गेली नाही. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसली.

“पाय दे हिकडं.”

मी उजवा पाय पुढं केला. तिनं तो मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून बोटानं दाबायला सुरुवात केली.

“हितं कळायलंय?”

मी खोटं बोलणार होते. म्हटलं, “न्हाई.”

“हितं?”

“न्हाई.”

ती घाई न करता वर सरकत होती. मी डोळे मिटले, बघून सांगू नये म्हणून. घोट्याजवळ तिनं बराच वेळ लावला असावा, कारण मध्ये काहीच कळलं नाही. मग एकाएकी तिच्या बोटाचं खरखरीत टोक मला लागलं.

“हितं?”

“व्हय. हितं कळायलंय.”

तिनं ते बोट तिथंच दाबून धरलं, दुसऱ्या हातानं पदर खोचला. “मग हितनं सुरू करू,” ती म्हणाली, आणि खालच्या बाजूला चेपायला लागली.